घेणाऱ्याचा पुरुषार्थ

आपल्या समाजांत देणाऱ्याचें माहात्म्य जितकें गाइलें गेलें तितकें घेणाऱ्याचें गाइलें गेलें नाहीं. कर्णाचें नांव निघतांच आपले हात जोडले जातात. पण कर्णाच्या दारीं जे असंख्य याचक येऊन गेले त्यांची आठवण कोणी ठेवीत नाहीं. ठेवली जाते ती एकट्या इंद्राची, आणि तीही त्यानें कपटवेष धारण केला म्हणून! शास्त्रकारांनीं ब्राह्मणाच्या षट्कर्मांत दानाच्या जोडीला प्रतिग्रहही सांगितला खरा. परंतु अध्यापन, याजन आणि प्रतिग्रह या उपजीविकेच्या तीन मार्गांत मनूनें प्रतिग्रहालाच सर्वांत खालचा पाट दिला, आणि अधिकार असला तरी त्याची चटक लावून घेऊं नये, त्यानें ब्रह्मतेज मावळतें, असेंही बजावून ठेवलें. घेणें म्हणजे हात पुढें करणें, आणि हात पुढें करणें म्हणजे मान थोडी खालीं घालणें, हा संस्कार आपल्या घराघरांतून इतका खोल रुजला आहे कीं, घेण्यालाही कांहीं विद्या लागते, त्यालाही तप लागतें, असें कोणीं म्हटलें तर तें आपणांस विनोदाचें वाटावें.

आम्हांस मात्र तें अलीकडे विनोदाचें वाटत नाहीं. आणि गंमत अशी कीं, आमच्या मनांतील ही उलथापालथ एखाद्या धर्मग्रंथानें केलेली नसून, सातासमुद्रांपलीकडील एका धसमुसळ्या खेळानें व त्या खेळांतील एका गवंड्याच्या मुलानें केलेली आहे. चिरंजीवांच्या नोकरीमुळें कॅलिफोर्नियांत कांहीं महिने राहण्याचा योग आम्हांस दोन-तीनदां आला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या त्या परिसरांत मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. तेथें गणपतीही बसतो आणि दिवाळीचा फराळही होतो. पण थंडीचे दिवस जवळ आले आणि रविवार उजाडला कीं, त्याच घरांतील नातवंडें तांबडे सदरे घालून दूरदर्शनच्या पडद्यापुढें ठाण मांडतात व आरतीच्या वेळींही न येणारा आवाज काढूं लागतात. हा खेळ तरी आहे काय, असें आम्हीं नातवास विचारलें, तेव्हां त्यानें आपल्या गांवच्या संघांतील एका जुन्या खेळाडूचें नांव घेतलें. "आजोबा, जेरी राइससारखा दुसरा झालाच नाहीं. तो चेंडू फेकायचा नाहीं, नुसता घ्यायचा!" नुसता घ्यायचा, हे शब्द आमच्या कानांत राहिले, आणि मग त्या माणसाची हकीकत मिळेल तेथून आम्ही वाचीत गेलों.

वाचकांपैकीं बहुतेकांस हा खेळ अपरिचित असणार, म्हणून त्याची तोंडओळख करून देणें अवश्य आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू नारळासारखा दोन्ही टोकांस निमुळता असून तो मुख्यत्वें हातानेंच खेळला जातो. मैदान १०० यार्ड लांब. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघानें चार डावांत निदान १० यार्ड पुढें सरकावयाचें. तें साधलें तर आणखी चार डाव, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे. असें इंचाइंचानें लढत चेंडू प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेला कीं त्यास टचडाउन म्हणतात, व त्याचे सहा गुण मिळतात. पुढें जाण्याचा एक मार्ग म्हणजे चेंडू पोटाशीं धरून माणसांच्या भिंतींत मुसंडी मारणें. दुसरा म्हणजे तो हवेंतून पुढें फेकणें. फेकणाऱ्यास क्वार्टरबॅक म्हणतात. तो संघाचा नायक, वर्तमानपत्रांचा लाडका. आणि त्यानें फेकलेला चेंडू घेण्यासाठीं मैदानाच्या पार कडेला, गर्दीपासून दूर, एकटा उभा असतो त्यास म्हणतात वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेचा घेणारा.

हा घेणारा या खेळांत मुळापासून नव्हता. १९०५ सालच्या हंगामांत मुसंड्यांच्या त्या राक्षसी पद्धतीपायीं इतके तरुण प्राणांस मुकले कीं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यांत लक्ष घालावें लागलें. आणि १९०६ सालीं नियम बदलून चेंडू पुढें फेकण्यास मुभा देण्यांत आली. गर्दी फुटावी, खेळ पसरावा, माणसें वांचावीं हा त्यांतील हेतु होता. फेकण्याची मुभा मिळाली तेव्हां घेणारा आपोआप जन्मास आला. त्याचें काम ऐकावयास सोपें आहे. ठरलेल्या वाटेनें धांवावयाचें, ठरलेल्या पावलावर वळावयाचें आणि आलेला चेंडू धरावयाचा. पण ती वाट अडविण्यास प्रतिपक्षाचे एक-दोन गडी अंगाला अंग लावून धांवत असतात. पुष्कळदां चेंडू हा वळण्यापूर्वींच नायकाच्या हातून सुटलेला असतो. आणि तो धरतांना दोन्ही पाय रेषेच्या आंत टेकले नाहींत तर सारें व्यर्थ. हातीं येतांच, कधीं कधीं येण्यापूर्वींही, पाठींत धडक बसते ती निराळीच.

जेरी राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यांतला. त्याच महिन्याच्या १ तारखेस जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणास त्या राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला. आणि आदल्या रात्रीं त्यापायीं जी दंगल उसळली तींत दोन माणसें प्राणांस मुकलीं व सरकारास लष्कर धाडावें लागलें. एका विद्यार्थ्यानें विद्या घ्यावी कीं न घ्यावी, एवढ्याच प्रश्नावर हा रक्तपात! हें वाचून आपण नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. विद्या घेण्याची पात्रता जन्मावरून ठरविण्याचा रोग आपल्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या होता, आणि ज्यांच्यासाठीं दारें बंद होतीं त्यांच्या यादींत आपल्याच घरच्या मुलीबाळीही होत्या. घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. त्यासाठीं माणसें मेलीं आहेत, हें मात्र येथें लक्षांत ठेवावें.

राइसचें गांव क्रॉफर्ड, अगदीं लहान खेडें. आठ भावंडांचें कुटुंब आणि वडील गवंडी. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें वडिलांच्या हाताखालीं राबत. भाऊ खालून विटा वर फेकीत आणि जेरी परांचीवर उभा राहून त्या झेली. कधीं एक, कधीं तीन-चार एकदम. मिसिसिपीचें ऊन, हातांस खरचटणारी भाजकी वीट, आणि सुटली तर खालच्या भावाच्या डोक्याचा प्रश्न! पुढें जगानें ज्या हातांचें कौतुक केलें ते हात असे घडले. आपल्याकडे आचमनासाठीं तळहात गाईच्या कानाच्या आकाराचा करावयास शिकवितात. तो फार ताठ धरला तर पाणी ठरत नाहीं, फार सैल सोडला तर गळून जातें. वीट झेलणाऱ्या मुलाचाही तोच धडा असणार असें आम्हांस वाटतें. येणाऱ्या वस्तूवर हात आपटावयाचा नाहीं. तिच्या वेगाबरोबर किंचित् मागें घेत तिला आंत येऊं द्यावयाचें.

फुटबॉलकडे तो आला तोही मोठ्या गमतीनें. एके दिवशीं शाळा चुकवून भटकत असतां उपमुख्याध्यापक पाठीमागून आले. त्यांना पाहतांच हा असा कांहीं पळाला कीं, पुढें शिक्षा तर झालीच, पण फुटबॉलच्या शिक्षकांकडे त्याच्या पायांची शिफारसही झाली. तेथून तो मिसिसिपी व्हॅली स्टेट या इटा बीना गांवच्या विद्यापीठांत गेला. कृष्णवर्णीयांसाठीं निघालेली ही लहानशी संस्था. मोठ्या वर्तमानपत्रांची नजर तेथवर क्वचितच पोंचे. तेथें विली टॉटन नांवाचा नायक फेकी आणि राइस घेई. १९८४ च्या एका हंगामांत त्यानें २७ टचडाउन झेलले. आज त्या विद्यापीठाच्या मैदानाला फेकणारा आणि घेणारा या दोघांचीं नांवें जोडून दिलेलीं आहेत. कोणा रसिकानें हें सुचविलें असेल तें असो. दात्याच्या नांवाच्या पाट्यांची आपल्याकडे वाण नाहीं, पण घेणाऱ्याचें नांव शेजारीं कोरलेली पाटी आमच्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्स संघाचे गुरु बिल वॉल्श हे ह्यूस्टन शहरीं सामन्यासाठीं उतरले असतां रात्रीं हॉटेलच्या खोलींत दूरदर्शनवर त्यांना या अज्ञात मुलाचीं कांहीं दृश्यें दिसलीं, आणि तीं त्यांच्या मनांत घर करून बसलीं. तिकडे दरसाल नव्या खेळाडूंची वांटणी होते. तींत गतवर्षींच्या विजेत्यास सर्वांत शेवटीं निवड करावी लागते. वॉल्श यांचा संघ तेव्हांचा विजेता. त्यांनीं आपले पुढचे कांहीं हक्क दुसऱ्या संघास देऊन वरचा क्रमांक मिळविला आणि १९८५ सालीं सोळाव्या जागीं राइसला घेतलें. घड्याळ लावून पाहिलें तर तो विशेष वेगवान नाहीं, असा त्या वेळीं पुष्कळांचा अभिप्राय होता.

आणि पहिल्या वर्षीं काय घडलें? चेंडू हातून सुटूं लागले! ज्यानें विटा सोडल्या नाहींत त्याच्या बोटांतून सोपे सोपे झेल निसटूं लागले, आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. देणाऱ्याचें एक दान वायां गेलें तर लोक त्याच्या औदार्याची तरी वाखाणणी करतात. घेणाऱ्याच्या हातून एक निसटलें तर त्याला क्षमा नाहीं. तरीही तो खचला नाहीं. डिसेंबरांत लॉस एंजेलिसच्या संघाविरुद्ध एकाच रात्रीं त्यानें १० झेलांत २४१ यार्ड मिळविले, आणि हुर्यो करणारे तेच कंठ जयजयकार करूं लागले. दोनच वर्षांनीं, १९८७ सालीं, अवघ्या १२ सामन्यांत २२ टचडाउन झेलून त्यानें नवा उच्चांक स्थापिला.

त्याच्या साधनेच्या दोन गोष्टी आम्हांस फार मोलाच्या वाटतात. पहिली ही कीं, सरावाच्या वेळीं चेंडू हातीं आला म्हणजे इतर खेळाडू चार पावलें टाकून परत फिरत. राइस मात्र प्रत्येक वेळीं थेट शेवटच्या रेषेपर्यंत धांवत जाई. सरावांत कोण पाहणार आहे, हा विचार त्याला शिवला नाहीं. घेतलेली वस्तु नुसती हातीं धरून भागत नाहीं, ती जेथें पोंचवावयाची तेथें पोंचविली पाहिजे, असाच त्याचा अर्थ नव्हे काय? विद्येचेंही तेंच आहे. गुरूनें दिलेली विद्या घेऊन तिथेंच थबकणारे शिष्य पुष्कळ. ती शेवटच्या रेषेपर्यंत नेणारे थोडे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची टेकडी. सॅन मॅटेओ परगण्यांत एजवुड नांवाचें एक राखीव उद्यान आहे. तेथील सुमारें अडीच मैलांच्या चढणीवर राइस हंगाम नसतांना, सुटीच्या महिन्यांत, धांवत असे. वसंतांत तेथें रानफुलें फार सुरेख फुलतात म्हणून चिरंजीव आम्हांस एकदां घेऊन गेले होते. ही तीच टेकडी, हें नातवानें वाटेंत सांगितलें. ओकच्या झाडांतून वळणें घेत जाणारी ती वाट चालतांनाच आमचा श्वास फुलला. तेथें धांवणें म्हणजे काय असेल याची कल्पना प्रत्येक वळणावर अधिकाधिक येत गेली. अर्ध्या वाटेवर सूनबाईंनीं आमच्या हातची पाण्याची बाटली स्वतःकडे घेतली आणि आधारासाठीं हात पुढें केला. खरें सांगावयाचें तर, तो हात धरणें आम्हांस चढणीहून अवघड गेलें. चाळीस वर्षें घराचा भार वाहिलेल्या माणसास आपला भार दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. आम्हीं हात धरला. वर जाऊन फुलेंही पाहिलीं. आणि त्या माणसाविषयींचें आमचें कुतूहल तेव्हांपासून निव्वळ कुतूहल राहिलें नाहीं.

आतां एक हिशेब पाहावा. राइस २० हंगाम खेळला. एकूण ३०३ सामने आणि त्यांत १५४९ झेल. म्हणजे सामन्यास सरासरी पांच. एका बाजूच्या वांट्यास एका सामन्यांत साधारणपणें साठ डाव येतात. याचा अर्थ असा कीं, पांच वेळां चेंडू त्याच्या हातीं आला, आणि उरलेल्या बहुतेक सर्व वेळां तो तितक्याच जोरानें धांवला, वळला, धडका खाल्ल्या, आणि हात रिकामेच घेऊन परत आला! पांच झेल दिसतात. हे रिकामे हात कोणास दिसत नाहींत. परंतु या वेळीं आपल्याकडे चेंडू येणार नाहीं हें जाणून जो हळू धांवेल, त्याच्यावर कोणी पाळत ठेवणार नाहीं. आणि मग ज्याच्याकडे चेंडू जाणार त्याची वाट मोकळी होणार नाहीं.

२२ जानेवारी १९८९ रोजीं मियामीस झालेल्या अंतिम सामन्यांत हें फार सुंदर रीतीनें दिसून आलें. या सामन्यास सुपर बोल म्हणतात. सिनसिनाटीचा संघ १६-१३ असा पुढें होता. तीन मिनिटांहून थोडासा अधिक वेळ उरलेला, आणि जो मोंटाना या नायकाला आपल्या रेषेपासून अवघ्या ८ यार्डांवरून निघून ९२ यार्ड तोडावयाचे होते. त्या वाटचालींत एकदां माघार होऊन प्रसंग कठीण झाला असतां राइसनें २७ यार्डांचा एक मोठा झेल घेऊन संघास तारलें. शेवटचे १० यार्ड उरले. आतां चेंडू राइसकडेच जाणार, असें साऱ्यांना वाटलें. डाव सुरू होण्यापूर्वीं तो आडवा चालत गेला तसे प्रतिपक्षाचे डोळेही त्याच्याबरोबर गेले. आणि मोंटानानें चेंडू फेकला तो जॉन टेलर या दुसऱ्या घेणाऱ्याकडे! टचडाउन झाला. ३४ सेकंद उरले असतां सामना जिंकला गेला. त्या दिवशीं ११ झेलांत २१५ यार्ड मिळवून सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो राइसच. पण ज्या डावानें विजय मिळाला त्या डावांत त्याचे हात रिकामे होते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यावर अधिक भाष्य नको. घरांत एकाच्या यशासाठीं दुसरा कोणी रिकाम्या हातांनीं किती धांवलेला असतो, हें ज्याचें त्यास ठाऊक असतें. फक्त त्याचा उच्चार होत नाहीं.

१९९७ च्या पहिल्याच सामन्यांत टँपा शहरीं त्याचा डावा गुडघा मोडला. तोपर्यंत दुखापतीपायीं त्याचा एकही सामना चुकलेला नव्हता. अशा दुखापतींतून उठावयास माणसास वर्ष लागतें. हा डिसेंबरांतच परत आला, एक टचडाउन झेलला, आणि त्याच झेलांत गुडघ्याची वाटी तडकवून घेतली! पुढच्या वर्षीं तो पुन्हां मैदानांत होता. अखेर त्याच्या नांवावर २२,८९५ यार्ड आणि १९७ टचडाउन झेल जमा झाले. डॉन हटसन या पहिल्या थोर घेणाऱ्यानें १९४५ सालीं निवृत्त होतांना ९९ टचडाउनांचा उच्चांक ठेविला होता. तो चव्वेचाळीस वर्षें टिकून १९८९ सालीं स्टीव्ह लार्जंट यानें मोडला व १०० वर नेला. राइसनें १९९२ सालीं तो ओलांडला आणि पुढें जवळजवळ दुप्पट केला. यार्डांच्या हिशेबांत दुसऱ्या क्रमांकाचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला आहे. पहिल्या-दुसऱ्यांतील हें पांच हजारांहून अधिक यार्डांचें अंतर पाहिलें म्हणजे उच्चांक या शब्दाचा अर्थ नव्यानें कळतो.

येथवर जें लिहिलें त्यावरून कोणास हें संतचरित्र वाटेल. म्हणून एक डाग सांगून टाकणें आमचें कर्तव्य आहे. चेंडू चिकटून राहावा म्हणून हातांस चिकट द्रव्य लावण्याची चाल या खेळांत पूर्वीं होती. १९८१ सालीं तिच्यावर बंदी आली. राइस खेळूं लागला तो त्यानंतर चार वर्षांनीं. असें असतां, आपण हातमोज्यांवर थोडेसें तें द्रव्य मारीत असूं, असें त्यानें स्वतःच एका मुलाखतींत सहज सांगितलें. आणि १९१५ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१५ सालीं, ती गोष्ट चव्हाट्यावर आली. आमच्या काळीं सारेच तसें करीत, असें म्हणून त्यानें दिलगिरी दर्शविली; पण त्या काळच्या कांहीं खेळाडूंनीं आम्ही तसें केलें नाहीं असें साफ सांगितलें. विटा झेललेल्या हातांस गोंदाची काय गरज होती? आम्हांस तर असें वाटतें कीं, ही गरज हातांची नसून मनाची होती. पहिल्या वर्षींची हुर्यो त्याच्या कानांतून कधींच गेली नसावी.

या भीतीचेंच दुसरें रूप त्याच्या उत्तरायुष्यांत दिसतें. २००१ सालीं त्याच्या जुन्या संघानें त्याला निरोप दिला. तो खाडीपलीकडील ओकलंडच्या संघांत गेला, आणि २००२ च्या हंगामांत, चाळिशीस पोंचला असतां, ९२ झेल घेऊन १२११ यार्ड काढले. जानेवारी २००३ मध्यें तो पुन्हां सुपर बोलमध्यें खेळला. मात्र त्या वेळीं त्याचा संघ हरला. सलग २७४ सामन्यांत निदान एक तरी झेल, असा त्याचा क्रम होता; सप्टेंबर २००४ मध्यें तो तुटला. त्या दिवशीं एकही चेंडू त्याच्या हातीं आला नाहीं. पुढच्याच महिन्यांत तो सिॲटलच्या संघांत गेला. तेथें ८० हा अंक लार्जंटच्या सन्मानार्थ कोणासही न देण्याचा ठराव होता. लार्जंटच्या संमतीनें तो राइसला मिळाला. आपलाच उच्चांक ज्यानें मोडला त्याच्या पाठीवर आपला अंक चढूं देणारा लार्जंट हा मोठ्या मनाचा दाता खरा! २००५ सालीं राइसनें डेन्व्हरच्या संघांत नशीब अजमावून पाहिलें. पण तेथें आपली जागा बरीच खालची असणार हें दिसतांच, हंगाम सुरू होण्यापूर्वींच, त्यानें निवृत्ति जाहीर केली. वय बेचाळीस. २००६ सालीं जुन्या संघानें त्याला सन्मानानें बोलावून नांवापुरता एक करार केला. त्यांतील रक्कम होती १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट: १९८५ हें येण्याचें साल, ८० हा पाठीवरील अंक, ०६ हें निरोपाचें साल आणि ४९ हें संघाचें नांव. पैसा एकही द्यावयाचा नव्हता. आयुष्यभराच्या घेण्याची ही पावतीच म्हणावयाची.

ऑगस्ट २०१० मध्यें ओहायोंतील कँटन गांवीं या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्याचा प्रवेश झाला. त्या प्रसंगींच्या भाषणांत त्यानें आपल्या यशाचें रहस्य सांगितलें, आणि तें ऐकणाऱ्यांस चटका लावणारें होतें. अपयशाच्या भीतीनें आपल्याला जन्मभर धांवविलें, असें तो म्हणाला. आणि एकच खंत बोलून दाखविली, ती ही कीं, या साऱ्याचा आनंद भोगावयास आपण कधीं थांबलोंच नाहीं, सदैव पुढच्या कामांतच गढलेले राहिलों.

आम्हीं हें वाचलें आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों. ज्यानें जगांत सर्वांहून अधिक घेतलें त्याच्या हातून घ्यावयाचें राहून गेलें तें हेंच! चेंडू घेतला, पदकें घेतलीं, जयजयकार घेतला. पण त्यांतला आनंद दाराशीं येऊन परत गेला. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रतिग्रहाच्याही तीन पायऱ्या असाव्या. पहिली पात्रता, ती परांचीवर आणि टेकडीवर मिळते. दुसरी ग्रहण, तें हातांचें कसब. आणि तिसरी स्वीकार, म्हणजे जें आलें तें आपलें म्हणून शांतपणें मनांत ठेवणें. पहिल्या दोन पायऱ्या राइस जसा चढला तसा दुसरा कोणी चढला नाहीं. तिसरीवर त्याचा पाय टेकला नाहीं, कारण तेथें धांवून चालत नाहीं, थांबावें लागतें. मनूनें प्रतिग्रहाविषयीं जो इशारा दिला आहे त्याचा अर्थ घेऊंच नये असा नसून, घेण्याच्या चटकेंत स्वीकाराची शांति गमावूं नये असा आम्ही लावतों. पंडितांनीं त्यास हरकत घेतल्यास आमची तक्रार नाहीं.

आमच्या वयाच्या माणसांना ही तिसरी पायरीच आतां चढावयाची आहे. घरोघर असे वडीलधारे दिसतात कीं ज्यांनीं साऱ्यांस दिलें, पण ज्यांना कोणाचें कांहीं घेतां येत नाहीं. मुलानें नवें पांघरुण आणलें तर "कशाला उगीच खर्च?" सुनेनें औषधाची वेळ सांगितली तर "आहे माझ्या लक्षांत!" नातवानें काठी आणून दिली तर "अजून तशी वेळ आली नाहीं." यांत निःस्पृहता थोडी आणि भीति फार असते. आपण घेऊं लागलों म्हणजे आपली जागा खालची झाली, ही ती भीति. आणि यामुळें ज्याचें नुकसान होतें तो घेणारा नव्हे, देणारा. त्याचा चेंडू हवेंतच राहतो. मुलाबाळांनीं फेकलेलें प्रेम झेलावयास कोणी उभें नसेल तर त्यांनीं फेकावें तरी कोणाकडे?

तरुण वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आज तुम्ही घेण्याच्या वयांत आहां, तर गवंड्याच्या मुलासारखें घ्या. आलेलें सोडूं नका, आणि घेतलेलें शेवटच्या रेषेपर्यंत न्या. चेंडू आपल्याकडे येणार नाहीं असें दिसलें तरी धांवणें मंद करूं नका. आणि आमच्या बरोबरीच्या मंडळींस सांगावयाचें तें असें कीं, आतां धांवणें पुरे. घरांतील कोणी पाण्याचें भांडें पुढें केलें तर "ठेव तिथें" असें न म्हणतां तें हातीं घ्यावें, देणाऱ्याकडे एकवार पाहावें, आणि मग सावकाश प्यावें.